क्वारंटाईन आणि आयसोलेशन

क्वारंटाईन आणि आयसोलेशन हे साथरोगांच्या प्रतिबंधाशी निगडित असलेले दोन इंग्रजी शब्द होत. दोहोंमध्ये माणसाला इतरांपासून दूर ठेवणे अभिप्रेत असल्यामुळे बोलण्यात ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात; तथापि वैद्यकशास्त्रात व कायद्यात त्यांचे अर्थ भिन्न आहेत. जो आजारी आहे किंवा ज्याच्या शरीरात रोगजंतू असल्याचे निश्चित झाले आहे, त्याला इतरांपासून वेगळे ठेवणे म्हणजे आयसोलेशन. जो आजारी नाही, परंतु रोगाच्या संपर्कात आल्यामुळे पुढे आजारी पडण्याची शक्यता आहे, त्याला काही ठरावीक काळ वेगळे ठेवणे किंवा त्याच्या हालचालींवर बंधन घालणे म्हणजे क्वारंटाईन. पहिल्या कृतीचा आधार निदान हा असतो, दुसरीचा संशय.

२०२० साली कोविड-१९च्या साथीत हे दोन्ही शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. मराठीत मात्र 'विलगीकरण' हा एकच शब्द दोहोंसाठी वापरला जाऊ लागला. त्यामुळे 'अमुक व्यक्ती विलगीकरणात आहे' या वाक्यावरून ती व्यक्ती रुग्ण आहे की रुग्णाच्या सान्निध्यात आलेली निरोगी व्यक्ती आहे, याचा बोध होईनासा झाला. हा प्रश्न केवळ शब्दांच्या काटेकोरपणाचा नाही. दोन शब्दांची गल्लत झाली की दोन प्रकारच्या माणसांची गल्लत होते आणि निरोगी माणूस रुग्णाच्या शेजारी जाऊन पडतो, असे साथींच्या इतिहासात अनेकदा घडलेले आहे.

अर्थभेद

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली स्वीकारलेल्या व २००७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत दोन्ही संज्ञांच्या स्वतंत्र व्याख्या दिलेल्या आहेत. तेथे आयसोलेशन ही संज्ञा आजारी वा दूषित व्यक्तींना, तसेच दूषित सामान, वाहने, मालपेट्या इत्यादींना इतरांपासून वेगळे ठेवण्यासाठी योजली आहे. क्वारंटाईनची व्याख्या करताना मात्र 'संशयित, पण आजारी नसलेल्या व्यक्ती' हा भाव स्पष्टपणे नोंदवलेला आहे. शिवाय क्वारंटाईनमध्ये व्यक्तीला पूर्णपणे वेगळे ठेवलेच पाहिजे असे नाही. तिच्या वावरावर निर्बंध घालणे, एवढाही त्याचा अर्थ होतो. आयसोलेशनमध्ये अशी सवलत नसते.

क्वारंटाईनची कल्पना ज्या गोष्टीवर उभी आहे, तिला अधिशयनकाल म्हणतात. रोगजंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंत जो काळ जातो, तो अधिशयनकाल होय. या काळात माणूस वरकरणी ठणठणीत असतो. त्याला संसर्ग झाला आहे की नाही, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून त्या रोगाचा जो कमाल अधिशयनकाल असेल, तितके दिवस थांबून पाहणे हाच उपाय उरतो. इबोलासाठी हा काळ २१ दिवसांचा धरतात, तर पीतज्वरासाठी ६ दिवसांचा. कोविड-१९साठी प्रारंभी १४ दिवस धरले गेले. याउलट आयसोलेशनचा अधिशयनकालाशी काही संबंध नाही. रुग्णापासून इतरांना संसर्ग होण्याचा धोका जोवर आहे तोवर आयसोलेशन चालते. मग ते पाच दिवस असो वा पाच महिने.

यातून व्यवहाराचा एक नियम निघतो आणि तो प्रथमदर्शनी उलटा वाटतो. आयसोलेशनमध्ये एकाच रोगाचे निश्चित निदान झालेले अनेक रुग्ण एका दालनात ठेवता येतात, कारण त्यांनी एकमेकांना नव्याने देण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. क्वारंटाईनमधील निरोगी माणसे मात्र एकत्र ठेवणे धोक्याचे असते. दहा संशयितांपैकी नऊ जणांना संसर्ग झालेला नसेल, आणि दहावा कोण हे कोणालाच ठाऊक नसते. सर्वांना एका सभागृहात ओळीने खाटा टाकून ठेवले, तर त्या नऊ जणांना संसर्ग होण्याची व्यवस्थाच आपण केलेली असते. आजाऱ्यांना एकत्र ठेवता येते, पण निरोग्यांना एकेकटे ठेवावे लागते, हे लोकांना पटवून देणे अवघड जाते.

व्युत्पत्ती

क्वारंटाईन या शब्दाचे मूळ इटलीतील व्हेनिसच्या बोलीत आहे. 'क्वारंता' म्हणजे चाळीस. चाळीस दिवसांचा काळ तो 'क्वारंतेना'. लॅटिनमध्ये चाळीससाठी 'क्वाद्रागिंता' हा शब्द आहे आणि तो संस्कृत 'चत्वारिंशत्' या शब्दाचा सगोत्र आहे. त्याच 'चत्वारिंशत्'पासून प्राकृतमार्गे मराठीतील 'चाळीस' आला. तेव्हा क्वारंटाईन हा शब्द कितीही परका वाटला, तरी त्याच्या पोटातील संख्या मराठी माणसाच्या दूरच्या नात्यातलीच आहे. उच्चाराबाबतही एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. इंग्रजीत या शब्दाचा शेवट 'टीन' असा होतो. मराठीत रूढ झालेला 'टाईन' हा उच्चार इंग्रजी अक्षरांवरून बेतलेला दिसतो.

आरंभी मात्र हे दिवस चाळीस नव्हते. एड्रियाटिक समुद्रकाठच्या रगूझा या नगरराज्याने, म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिकने, १३७७ साली एक कायदा केला. प्लेगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांनी नगरात पाऊल ठेवण्यापूर्वी जवळच्या एका लहानशा बेटावर किंवा शेजारच्या गावी महिनाभर राहावे, असे त्यात म्हटले होते. तीस दिवसांच्या या मुदतीला 'त्रेंतिनो' म्हणत. पुढे तीसाचे चाळीस झाले. ते का झाले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ख्रिस्ती धर्मात चाळीस दिवसांच्या उपवासाला असलेले महत्त्व आणि तीव्र आजार चाळीस दिवसांत आपले रूप प्रकट करतो हा प्राचीन ग्रीक वैद्यकातील समज, अशी दोन कारणे सामान्यतः दिली जातात.

इंग्रजीत हा शब्द रोगाच्या संदर्भात स्थिरावला तो सतराव्या शतकात. त्यापूर्वी तो कायद्याच्या भाषेत एका निराळ्याच अर्थाने वावरत होता. पतीच्या मृत्यूनंतर विधवेला त्याच्या घरात चाळीस दिवस राहण्याचा हक्क असे. १२१५च्या मॅग्ना कार्टा या सनदेत या हक्काची तरतूद आहे. त्या मुदतीलाही पुढे क्वारंटाईन म्हटले जाई. म्हणजे ज्या शब्दाने आज घरात कोंडले जाण्याची आठवण होते, तो एके काळी घरातून हाकलले न जाण्याचा हक्क सांगत होता.

आयसोलेशनचे मूळ लॅटिन 'इन्सुला' म्हणजे बेट या शब्दात आहे. त्यापासून इटालियन 'इझोला', त्यावरून 'बेटासारखा एकटा पाडलेला' या अर्थाचे विशेषण, ते फ्रेंचमध्ये आणि तेथून अठराव्या शतकात इंग्रजीत, असा त्याचा प्रवास झाला. बेट या अर्थाच्या 'आयलंड' या इंग्रजी शब्दाचे मूळ मात्र निराळे, जर्मानिक आहे. त्यातील अनुच्चारित 'एस' हे अक्षर 'इन्सुला'च्या कुळातील दुसऱ्या एका शब्दाच्या प्रभावाने मागाहून घुसले.

अशा रीतीने एका शब्दाच्या मुळाशी काळ आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी स्थळ आहे. आजच्या वैद्यकीय अर्थांतही याचा ठसा उरलेला दिसतो. क्वारंटाईनमध्ये 'किती दिवस' हा मुख्य प्रश्न असतो, आयसोलेशनमध्ये 'कोठे आणि कोणापासून दूर' हा. व्हेनिसमध्ये तर या दोन कल्पनांसाठी दोन स्वतंत्र बेटेच होती. १४२३ साली तेथे प्लेगच्या रुग्णांसाठी एका बेटावर कायमस्वरूपी रुग्णालय उभारले गेले आणि १४६८ साली संशयित जहाजे, प्रवासी व माल यांच्यासाठी दुसरे बेट राखून ठेवण्यात आले. जुने लाझारेत्तो व नवे लाझारेत्तो अशी त्यांची नावे आजही आहेत. इंग्रजीत हे दोन शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी व्हेनिसच्या कारभाऱ्यांनी त्यांतील फरक ओळखला होता.

दिवस कसे मोजतात

दोन्ही शब्दांतील फरक सर्वांत स्पष्टपणे कळतो तो दिवसांच्या हिशेबात. क्वारंटाईनचे दिवस संशयित व्यक्तीचा रुग्णाशी शेवटचा संपर्क आला, त्या दिवसापासून मोजतात. आयसोलेशनचे दिवस लक्षणे सुरू झाली त्या दिवसापासून किंवा तपासणीत संसर्ग आढळला त्या दिवसापासून मोजतात.

समजा, एका घरात वडील, आई, मुलगी व आजी असे चौघे राहतात. महिन्याच्या १० तारखेला वडिलांना ताप आला, १२ तारखेला तपासणीत संसर्ग निश्चित झाला आणि त्याच दिवशी ते वेगळ्या खोलीत गेले. वडिलांचे आयसोलेशन १० तारखेपासून धरले जाईल. उरलेल्या तिघींचा त्यांच्याशी शेवटचा संपर्क १२ तारखेचा. म्हणून १४ दिवसांचे क्वारंटाईन असेल, तर ते २६ तारखेला संपेल. आता २० तारखेला मुलीला ताप आला आणि तिलाही संसर्ग झाल्याचे ठरले. तिचे क्वारंटाईन तेथेच संपले व आयसोलेशन सुरू झाले. आई व आजी यांचा तिच्याशी २० तारखेपर्यंत संपर्क होता. साहजिकच त्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील आणि ते पुढील महिन्यात जातील. तोवर वडील कदाचित बरे होऊन कामावर रुजूही झालेले असतील. आजारी माणूस मोकळा झाला आणि कधीच आजारी न पडलेली आजी मात्र अडकून पडली, हे पाहून घरच्यांना अन्याय झाल्यासारखे वाटते. नियमाच्या दृष्टीने मात्र हिशेब बरोबर असतो.

याच कारणाने क्वारंटाईनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेली तपासणी 'निगेटिव्ह' आली, म्हणून क्वारंटाईन संपत नाही. त्या दिवशी रोगजंतू सापडले नाहीत, एवढेच त्यावरून कळते; अधिशयनकाल अजून चालूच असतो. कोविड-१९च्या काळात या मुद्द्यावरून सोसायट्यांच्या फाटकांवर कितीतरी वाद झाले.

मुदतीही काळानुसार बदलतात. भारतात मे २०२०मधील मार्गदर्शक सूचनांनुसार सौम्य लक्षणे असलेल्या रुग्णाचे घरगुती आयसोलेशन लक्षणे सुरू झाल्यापासून १७ दिवसांनी, आणि तेही शेवटचे १० दिवस ताप नसल्यास, संपत असे. जानेवारी २०२२मध्ये ही मुदत ७ दिवसांवर आली. मधल्या काळात रोगाविषयीचे ज्ञान वाढले होते, लसीकरण झाले होते आणि विषाणूचे रूपही पालटले होते.

गल्लतीचे परिणाम

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ आली. एखाद्या घरात प्लेगचा रुग्ण सापडला, की ते संपूर्ण घर बाहेरून बंद करण्यात येई. दारावर लाल क्रूस रंगवला जाई आणि पहारेकरी बसवला जाई. आत रुग्ण आणि निरोगी कुटुंबीय, नोकरचाकर असे सारेच अनेक आठवडे एकत्र कोंडले जात. रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर हे आयसोलेशन होते आणि घरच्यांच्या दृष्टीने क्वारंटाईन. पण एकाच छताखाली दोन्ही केल्यामुळे दोहोंचाही हेतू फसला. या पद्धतीवर त्या काळातही टीका झाली. डॅनियल डीफो याने १७२२ साली प्रसिद्ध केलेल्या, त्या प्लेगवर आधारित पुस्तकातही या बंद घरांची हकिगत विस्ताराने आली आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. १९०० साली सॅन फ्रान्सिस्को शहराच्या चिनी वस्तीत प्लेगचा संशय आल्यावर तेथील आरोग्य मंडळाने संपूर्ण वस्तीलाच वेढा घातला. वेढ्याची रेषा आखताना मात्र त्या परिसरातील गोऱ्या मालकांची घरे व दुकाने वगळली गेली. ज्यू हो या चिनी दुकानदाराने न्यायालयात दाद मागितली. 'ज्यू हो विरुद्ध विल्यमसन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात संघीय न्यायालयाने हा वेढा पक्षपाती व अवाजवी ठरवला. निकालात आणखी एक मुद्दा होता, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. एवढ्या मोठ्या वस्तीतील लोकांना एकत्र कोंडून ठेवल्याने रोग आटोक्यात येण्याऐवजी त्यांच्यातच पसरण्याचा धोका वाढतो, असे न्यायालयाने म्हटले. संशयितांना रोगापासून दूर ठेवणे हेही क्वारंटाईनचे एक अंग आहे, हे यातून कायद्याच्या भाषेत मांडले गेले.

फेब्रुवारी २०२०मध्ये जपानमधील योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे प्रवासी जहाज क्वारंटाईनमध्ये ठेवण्यात आले. जहाजावर ३,७११ माणसे होती. खलाशी व कर्मचारी वर्गात भारतीयही पुष्कळ होते. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत राहण्यास सांगण्यात आले, पण कर्मचारी मात्र एकत्र राहत होते, एकत्र जेवत होते आणि प्रवाशांना खोल्यांपर्यंत अन्न पोहोचवत होते. त्यांना क्वारंटाईनचे नाव होते, क्वारंटाईन नव्हते. अखेरीस जहाजावरील सातशेहून अधिक जणांना संसर्ग झाल्याचे आढळले. त्यांतील बऱ्याच जणांना तो क्वारंटाईन सुरू होण्यापूर्वीच झाला असावा, असे पुढील अभ्यासांतून दिसले. तथापि कर्मचाऱ्यांच्या बाबतीत व्यवस्था अपुरी होती, याविषयी फारसा मतभेद नाही.

पुण्यातील प्लेग आणि तिसरा शब्द

महाराष्ट्रात या कल्पनांची पहिली मोठी, आणि कटू, ओळख झाली ती १८९६-९७च्या प्लेगमध्ये. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि लवकरच तो पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या अधिपत्याखाली प्लेग समिती नेमण्यात आली व गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती सुरू झाली.

त्या वेळच्या व्यवस्थेत रुग्णाला प्लेगच्या रुग्णालयात नेत आणि त्याच्या घरच्यांना वेगळ्या छावणीत. या छावणीला 'सेग्रिगेशन कॅम्प' असे नाव होते. सेग्रिगेशन हा लॅटिन 'ग्रेक्स' म्हणजे कळप या शब्दावरून आलेला आहे. कळपातून बाजूला काढणे हा त्याचा मूळ अर्थ. कागदावर पाहता रुग्ण व संशयित यांची ताटातूट करणारी ही व्यवस्था लंडनच्या बंद घरांहून अधिक शास्त्रीय होती. प्रत्यक्षात ती ज्या रीतीने राबवली गेली, तिने लोकांच्या मनात दहशत निर्माण केली. सैनिकांचे घरात, देवघरात, स्वयंपाकघरात शिरणे, सामानाची नासधूस आणि स्त्रियांच्या तपासणीतील अवमान यांविरुद्ध तक्रारी झाल्या. घरातला माणूस आजारी पडला की घरच्या सर्वांनाच नेतात, हे कळल्यावर लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ३ जुलै रोजी तो मरण पावला.

याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या पुण्याबाहेरील दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली. प्लेगग्रस्त मुलाला स्वतः पाठीवर वाहून आणल्यानंतर त्यांनाच संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाला वेगळे ठेवणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे नव्हे. त्याच्याजवळ कोणीतरी जावेच लागते, आणि जाणारा धोका पत्करतो. आयसोलेशनची ही बाजू व्याख्येत येत नाही.

शास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणात आणखी एक गाठ होती. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडला होता, पण तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. म्हणजे पुण्यात झडत्या चालू असताना हे कोणाला ठाऊक नव्हते. गाठीचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे पसरत नसल्याने कुटुंबीयांना क्वारंटाईन करण्याचा उपयोग मर्यादित होता. उंदरांनी भरलेल्या घरातून बाहेर पडणे अधिक उपयोगाचे होते. मराठी मुलखातील खेडुतांनी हे आपल्या अनुभवाने जाणले. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, ही रीत त्यांच्यात रूढ झाली. याला क्वारंटाईन म्हणता येत नाही आणि आयसोलेशनही नाही. येथे रोगच गावात राहतो आणि माणसे बाहेर पडतात.

सीमारेषेवरील उदाहरणे

व्याख्या स्पष्ट असल्या, तरी काही प्रकरणे दोहोंच्या मधे पडतात. मेरी मॅलन ही न्यूयॉर्कमधील आयरिश वंशाची स्वयंपाकीण याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तिला स्वतःला विषमज्वराची लक्षणे नव्हती, पण तिच्या शरीरात त्याचे जंतू होते आणि ती जेथे स्वयंपाक करी, तेथील माणसे आजारी पडत. १९०७ साली तिला एका बेटावरील रुग्णालयात ठेवण्यात आले. १९१० साली स्वयंपाकाचे काम न करण्याच्या अटीवर तिची सुटका झाली. पण नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाक करू लागल्याचे उघड झाल्यावर १९१५ साली तिला परत तेथेच नेले आणि १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ती तेथेच राहिली. लोकप्रिय लेखनात याला क्वारंटाईन म्हटलेले आढळते. ते बरोबर नाही, कारण तिच्यातील जंतू सिद्ध झालेले होते. तिला आयसोलेशनच म्हणावे लागते, परंतु ती रुग्णही नव्हती. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. आपण आजारी नाही, मग आपल्याला डांबून का ठेवले, हा तिचा प्रश्न शेवटपर्यंत तिच्या दृष्टीने अनुत्तरित राहिला.

याउलट शुद्ध क्वारंटाईनचे उदाहरण चंद्रावरून परतलेल्या माणसांचे आहे. जुलै १९६९मध्ये अपोलो ११च्या तीन अंतराळवीरांना पृथ्वीवर उतरताच बंद कक्षात ठेवण्यात आले व एकूण २१ दिवसांची मुदत मोजून ऑगस्टमध्ये मोकळे करण्यात आले. चंद्रावर जंतू असतील असे जवळजवळ कोणालाच वाटत नव्हते. नसतीलच, अशी खात्रीही देता येत नव्हती. काही मोहिमांनंतर ही प्रथा बंद झाली.

कुष्ठरोग्यांच्या वसाहती हे आयसोलेशनचे सर्वांत दुःखद रूप म्हणता येईल, कारण त्याला मुदतच नव्हती. भारतात १८९८चा यासंबंधीचा कायदा २०१६ साली रद्द झाला. बहुविध औषधोपचार सुरू होताच रुग्णापासून संसर्ग होण्याचा धोका लवकरच संपतो, त्यामुळे आता कुष्ठरुग्णाला वेगळे ठेवण्याचे वैद्यकीय कारण उरलेले नाही.

वैद्यकाबाहेरील वापर

ऑक्टोबर १९६२मध्ये सोव्हिएत संघाने क्यूबात क्षेपणास्त्रे उभारल्याचे उघड झाल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी त्या बेटाकडे जाणाऱ्या लष्करी सामग्रीवर 'क्वारंटाईन' जाहीर केले. प्रत्यक्षात ती आरमारी नाकेबंदी होती. परंतु नाकेबंदी हे आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार युद्धाचे कृत्य ठरते, म्हणून आरोग्यखात्यातला हा शब्द मुद्दाम उसना घेण्यात आला. अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर एका शब्दाच्या निवडीने दोन्ही पक्षांना माघारीची वाट मोकळी ठेवली, असे मानले जाते.

वनस्पती व प्राण्यांच्या आयातीतही क्वारंटाईन हाच शब्द चालतो. संगणकातील विषाणूरोधक प्रणाली संशयास्पद फाइल ज्या कप्प्यात बाजूला ठेवते, त्यालाही क्वारंटाईन म्हणतात. आयसोलेशनचा विस्तार निराळ्या दिशेने झाला. जंतुशास्त्रात एखादा जंतू इतरांपासून वेगळा काढणे, विद्युतशास्त्रात एक मंडल दुसऱ्यापासून तोडणे, राजकारणात एखादे राष्ट्र एकाकी पाडणे आणि मानसशास्त्रात माणसाचे एकटेपण, या सर्वांना तो लागू पडतो. क्वारंटाईनला मुदत संपण्याची आशा चिकटलेली असते. आयसोलेशनला ती नसते. कदाचित म्हणूनच एकटेपणाच्या दुःखासाठी इंग्रजीने दुसरा शब्द उचलला असावा.

मराठी प्रतिशब्द

मराठीत रूढ झालेल्या 'विलगीकरण' आणि 'अलगीकरण' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी चिकटणे, जोडलेले असणे या अर्थाचा 'लग्' हा एकच धातू आहे. दोन्ही शब्द 'वेगळे करणे' एवढेच सांगतात. का वेगळे केले, हे त्यांपैकी कोणताच सांगत नाही. रुग्णालयातील 'विलगीकरण कक्ष' म्हणजे आयसोलेशन वॉर्ड. पण 'संस्थात्मक विलगीकरण' म्हणजे बहुधा संशयितांचे क्वारंटाईन, आणि 'गृह विलगीकरण' म्हणजे संदर्भाने जे असेल ते. कोविड-१९च्या काळात काहींनी क्वारंटाईनला अलगीकरण व आयसोलेशनला विलगीकरण असा भेद पाळला, काहींनी नेमका उलटा. शासकीय प्रसिद्धिपत्रकांत 'होम क्वारंटाईन' हे जोडनाव देवनागरीत तसेच ठेवलेलेही आढळते, आणि खरे तर त्यानेच वाचकाचा सर्वांत कमी गोंधळ झाला.

हिंदीच्या शासकीय परिभाषेत क्वारंटाईनसाठी 'संगरोध' व आयसोलेशनसाठी 'पृथक्करण' हे शब्द आहेत. यांतील दुसरा मराठीत घेता येत नाही, कारण मराठीत पृथक्करण म्हणजे घटक वेगळे करून तपासणे. 'पाण्याचे रासायनिक पृथक्करण' हा प्रयोग शाळकरी मुलांच्याही परिचयाचा आहे.

प्रतिशब्द नसला, तरी समाज जवळचा अर्थ शोधतोच, आणि येथे जवळचा अर्थ 'वाळीत टाकणे' हा होता. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र शासनाने घरी क्वारंटाईन केलेल्या व्यक्तींच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्याचा निर्णय घेतला. शिक्का असलेली व्यक्ती रुग्ण नव्हती. तिने ठरावीक तारखेपर्यंत घरी राहावे, एवढेच त्यातून सांगायचे होते. काहींनी हा नियम मोडून प्रवास केला आणि त्यांना रेल्वेगाडीतून उतरवण्यात आले. पण ज्यांनी नियम तंतोतंत पाळला, त्यांच्याकडेही शेजारी रुग्ण म्हणूनच पाहत राहिले आणि शिक्क्यावरची तारीख उलटून गेल्यावरही पाहत राहिले. क्वारंटाईनचा नियम मोडणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २७१नुसार गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २७३मध्ये आहे. मुदत संपल्यावरही माणसाला दूर ठेवणाऱ्या शेजाऱ्यांना मात्र ही कलमे लागू पडत नाहीत.